भाताच्या पानाचा रंग छायाचित्रावरून कसा मोजावा

ठाणे जिल्ह्यातील खरीप हंगामाचे मुख्य पीक म्हणजे भात होय. मृगात टाकलेल्या रोपांची आषाढात आवणी होते. रोपे मुळे धरून उभी राहिली की पुढील महिना-दीड महिना शेतकऱ्याचे लक्ष खाचरातील एकाच गोष्टीकडे लागलेले असते. ती गोष्ट म्हणजे पिकाचा रंग. बांधावर उभा राहून तो पिकाकडे पाहतो, शेजाऱ्याच्या खाचराकडे पाहतो, आणि आपले पीक किंचित पिवळसर वाटले तर युरियाची गोणी उघडतो. ही रीत चुकीची आहे असे म्हणता येणार नाही. पिकाचा रंग हा त्याच्या पोटातील नत्राचा आरसाच आहे. अडचण एवढीच की, डोळा हा मोठा लहरी मापारी आहे. ढगाळ दुपारी जे पीक गर्द हिरवे दिसते तेच पावसाची उघडीप होऊन संध्याकाळचे ऊन पडले की पिवळे दिसू लागते.

अलीकडे कल्याण, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर या तालुक्यांतील बहुतेक घरांत छायाचित्रे घेणारा मोबाइल फोन आलेला आहे. डोंबिवलीस वा ठाण्यास नोकरीला जाणारा मुलगा रविवारी शेतावर येतो, पिकाचे छायाचित्र घेतो आणि कृषी कार्यकर्त्याकडे पाठवून विचारतो, "साहेब, खत टाकू का?" छायाचित्राकडे नुसते पाहून या प्रश्नाचे उत्तर देणे म्हणजे डोळ्याची लहर आणि फोनची लहर यांची बेरीज करणे होय. तथापि त्याच छायाचित्रातील नेमक्या जागेचा रंग आकड्यांत मोजण्याची सोय आज विनामूल्य उपलब्ध आहे. ती कशी वापरावी आणि कोठे फसवते, हे या लेखात सांगावयाचे आहे.

फसवणुकीचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला असल्यामुळे तो प्रथम सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी कल्याण तालुक्यातील एका गावी शेजारशेजारच्या दोन खाचरांची छायाचित्रे मी आठ दिवसांच्या अंतराने घेतली. पहिली दुपारी ढगाळ हवेत घेतली होती, दुसरी सायंकाळी पाचच्या सुमारास, ढग फाटून तिरपे ऊन पडले असता घेतली. संगणकावर आकडे काढले तेव्हा दुसऱ्या खेपेस पानांतील हिरवेपणा चांगलाच उतरलेला दिसला. आकडा हाती आला म्हणजे माणसास धीर येतो. मी दोन्ही शेतकऱ्यांना नत्राचा जादा हप्ता देण्यास सांगितले. त्यांपैकी वयाने मोठे असलेले गृहस्थ हसले, आणि पिवळे झाले आहे ते ऊन, भात नव्हे, असे म्हणून त्यांनी खत देण्याचे नाकारले. दुसऱ्या तरुण शेतकऱ्याने माझे ऐकले. त्याचे पीक माजले, त्यावर करप्याचे ठिपके दिसू लागले आणि परतीच्या पावसात निम्मे खाचर आडवे झाले. सगळा दोष त्या एका हप्त्याचा होता असे म्हणता येणार नाही, कारण त्या वर्षी करपा इतरत्रही होता. परंतु त्याचे शेजारचे खाचर उभे होते, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

पानाचा हिरवा रंग हा हरितद्रव्यामुळे येतो. हरितद्रव्याच्या प्रत्येक कणात नत्राचे चार अणू असतात, आणि पानातील नत्राचा मोठा भाग हरितद्रव्य ज्या कोषकांत राहते त्या कोषकांतच साठविलेला असतो. हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील तांबडा व निळा प्रकाश शोषून घेते. हिरवा त्या मानाने कमी शोषला जातो व परत फिरतो, म्हणून पान आपणास हिरवे दिसते. नत्र कमी पडले की हरितद्रव्य घटते, तांबडा प्रकाश पूर्वीपेक्षा अधिक परत फिरतो, आणि हिरव्यात तांबडा मिसळल्यामुळे पान पिवळसर दिसू लागते. तेव्हा पानाचे पिवळे पडणे म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात तांबड्याचा वाटा वाढणे होय. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढील आकडे समजण्यास सोपे जातील.

पानाच्या रंगावरून नत्राचा अंदाज घेण्याची साधने नवी नाहीत. जपानमध्ये निरनिराळ्या हिरव्या छटांचा पंखा वापरला जात असे. त्याच धर्तीवर फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने स्वस्त अशी पर्णरंग पट्टी प्रचारात आणली. भारतात मिळणाऱ्या पट्टीवर पिवळसर हिरव्यापासून गर्द हिरव्यापर्यंत सहा छटा असतात. जपानी बनावटीचे हरितद्रव्यमापक यंत्रही आहे. ते पान चिमटीत धरून त्यातून आरपार जाणारा तांबडा व अवरक्त प्रकाश मोजते. हे यंत्र अचूक खरे, पण त्याची किंमत पाहता ते गावोगावी पोचणे कठीण. पर्णरंग पट्टी मात्र कोणासही परवडते, आणि या लेखात सांगितलेली पद्धत त्या पट्टीची जागा घेण्यासाठी नसून तिला मदत करण्यासाठी आहे. पट्टी नसेल तर छायाचित्राच्या भानगडीत न पडणे बरे.

छायाचित्र म्हणजे काय?

फोनमधील छायाचित्र हे लक्षावधी सूक्ष्म चौकटींचे बनलेले असते. यांना पिक्सेल म्हणतात. गोधडीतील ठिगळांप्रमाणे प्रत्येक चौकटीस एकच रंग असतो आणि तो रंग तीन आकड्यांनी लिहिलेला असतो: तांबडा किती, हिरवा किती व निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ या मर्यादेत असतो. तिन्ही ० असले तर काळा, तिन्ही २५५ असले तर पांढरा, आणि तिन्ही सारखे असले तर मधला कोणता तरी राखाडी रंग होतो. २५६ ला २५६ ने दोनदा गुणले असता १,६७,७७,२१६ रंग होतात. एवढ्या रंगांना नावे देणे कोणत्याही भाषेस शक्य नाही, म्हणून आकड्यांचाच आश्रय घ्यावा लागतो.

आपणास संपूर्ण छायाचित्राचा रंग नको असतो. त्यात पाणी, चिखल, बांधावरचे गवत, आभाळाचे प्रतिबिंब, क्वचित छायाचित्र घेणाऱ्याची सावली, असे सर्व काही असते. आपणास हवा असतो तो पानाच्या मधल्या भागाचा रंग. म्हणून छायाचित्रावर तेवढीच जागा आखून घ्यावयाची आणि तिच्यातील सर्व पिक्सेलांच्या आकड्यांची सरासरी काढावयाची. या पद्धतीचे सार एवढेच आहे.

हे काम करणाऱ्या प्रणालींपैकी इमेजजे ही सर्वांत परिचित होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील वेन रासबँड यांनी ती १९९७ मध्ये तयार केली. मूळ उद्देश सूक्ष्मदर्शकातून घेतलेली वैद्यकीय चित्रे मोजण्याचा होता. पण रक्तपेशी काय आणि भाताचे पान काय, पिक्सेल मोजणाऱ्यास दोन्ही सारखीच. ही प्रणाली कोणत्याही साध्या संगणकावर चालते व तिला पैसे पडत नाहीत. तालुका कार्यालयातील, शाळेतील किंवा घरातील मुलाचा संगणक यासाठी पुरेसा आहे.

पाने कशी घ्यावी?

मोजणीतील निम्मी बुद्धी संगणकापाशी नव्हे तर खाचरातच खर्च करावी लागते. आवणीनंतर सुमारे दोन आठवड्यांनी सुरुवात करून फुलोऱ्यापर्यंत दर सात ते दहा दिवसांनी नमुना घ्यावा. खाचरात तिरपे चालत जाऊन निरोगी असे दहा चूड निवडावेत. बांधालगतचे, झाडाच्या सावलीतले व पाणी साचून राहिलेल्या कोपऱ्यातले चूड वगळावेत. कल्याण-डोंबिवलीच्या आसपास आता अनेक खाचरांना लागून उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत व दुपारनंतर त्यांची सावली पिकावर पडते. तेथील चूडही नमुन्यात घेऊ नयेत. प्रत्येक चुडातील सर्वांत वरचे, पूर्ण उलगडलेले पान घ्यावे. गुंडाळलेले कोवळे पान नको व तळाचे जुने पानही नको.

पान निवडण्याबाबत एवढा आग्रह का, याचे कारण आहे. नत्र हे झाडात फिरते असते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांस पुरविते, म्हणून नत्राच्या कमतरतेत खालची पाने आधी पिवळी पडतात. गंधकाची किंवा लोहाची कमतरता असेल तर उलट घडते. नवी पाने आधी फिकी होतात, आणि लोहाच्या बाबतीत शिरा हिरव्या राहून मधली जागा पांढरट पडते. छायाचित्रात केवळ वरचे पान असेल तर हा भेद कळणार नाही. म्हणून दहा पानांखेरीज एका संपूर्ण चुडाचे छायाचित्र घेऊन ठेवावे. ते मोजावयाचे नसते. ते पाहावयाचे असते.

पाने पुसून कोरडी करावीत. ओल्या पानावर आभाळ चकाकते आणि ती चकाकी पांढरी म्हणून मोजली जाते. एका काळ्या किंवा राखाडी पुठ्ठ्यावर दहाही पाने शेजारी शेजारी, वरची बाजू वर ठेवून मांडावीत. त्यांच्याच शेजारी पर्णरंग पट्टी ठेवावी आणि एका कोपऱ्यात एकसारख्या राखाडी रंगाचा, चकाकी नसलेला लहान तुकडा चिकटवावा. छायाचित्रकारांकरिता मिळणारे राखाडी कार्ड उत्तम. न मिळाल्यास कोणतेही फिके राखाडी, खरखरीत कार्ड चालेल, मात्र एकदा निवडलेला तुकडा हंगामभर बदलू नये. माझ्या मते या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे हा राखाडी तुकडा आणि ती पट्टी. त्या दोन वस्तू माझ्या त्या सायंकाळच्या छायाचित्रात असत्या तर ऊन पिवळे होते ही गोष्ट संगणकानेच सांगितली असती.

पुठ्ठा सारख्या प्रकाशात ठेवावा. आपल्याकडे श्रावणातील ढगाळ आभाळाबद्दल तक्रार करण्याची चाल आहे, परंतु या कामास तेच आभाळ उत्तम होय, कारण त्याचा प्रकाश सर्व बाजूंनी मऊ येतो. ऊन असेल तर आपल्या अंगाची सावली संपूर्ण पुठ्ठ्यावर पडेल असे उभे राहावे. अर्धी सावली, अर्धे ऊन कदापि चालणार नाही. सकाळी आठ ते दहा ही वेळ सोयीची. जी वेळ एकदा धरली तीच पुढे पाळावी, व शक्यतो एकाच व्यक्तीने एकाच फोनने छायाचित्रे घ्यावीत.

फोनविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. हल्लीचे फोन छायाचित्र घेतात असे म्हणण्यापेक्षा ते रंगवितात असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. समोर झाडी आहे असे ओळखून काही फोन हिरवा रंग आपणहून अधिक गडद करतात, म्हणजे उपाशी पीकही छायाचित्रात पोट भरलेले दिसते. अशी सुशोभनाची सोय, फ्लॅश व दृश्य जवळ आणण्याची सोय बंद ठेवावी. दुसरी चूक म्हणजे छायाचित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविणे. तसे केल्यास ते दाबून लहान केले जाते व बारीक रंगभेद पुसले जातात. तेच छायाचित्र दस्तऐवज म्हणून जोडून पाठविल्यास मूळ स्वरूपात पोचते, किंवा तारेने सरळ संगणकात घ्यावे.

संगणकावरील मोजणी

इमेजजे उघडून छायाचित्र आत घ्यावे. येथे एक खड्डा आहे व नवशिका हमखास त्यात पडतो. रंगीत छायाचित्रावर जागा आखून तसेच 'मेझर' केले तर प्रणाली तिन्ही रंगांची सरासरी करून एकच आकडा देते. तो आकडा उजेडाचा असतो, रंगाचा नसतो. समजा, एका पानाचे आकडे तांबडा ९२, हिरवा १२८, निळा ५८ असे आहेत व दुसऱ्याचे ७०, १२० व ८८ आहेत. पहिले पिवळसर, दुसरे गर्द निळसर हिरवे. पण दोहोंची बेरीज २७८ च, व सरासरी सुमारे ९३ च येते. संगणक दोन्ही पाने सारखी म्हणून सांगेल!

म्हणून प्रथम 'इमेज' या यादीतील 'टाइप' खाली जाऊन 'आरजीबी स्टॅक' हा पर्याय निवडावा. त्यामुळे एका चित्राचे तीन थर होतात: पहिला तांबड्याचा, दुसरा हिरव्याचा व तिसरा निळ्याचा. त्यानंतर हातांनी आकार काढण्याचे किंवा बहुकोनाचे साधन घेऊन पहिल्या पानाच्या मधल्या तृतीयांश भागावर लांबट जागा आखावी. मधली शीर, कडा, टोक, रोगाचे ठिपके व चकाकणारी जागा बाहेर ठेवावी. 'टी' ही कळ दाबली की ती जागा एका यादीत जमा होते. याचप्रमाणे दहाही पाने, पट्टीवरील तिसरी, चौथी व पाचवी छटा, आणि राखाडी तुकडा अशा चौदा जागा जमा कराव्यात. यादीच्या चौकटीत 'मोअर' खाली 'मल्टी मेझर' हा पर्याय आहे. तो निवडताच चौदाही जागांची तिन्ही थरांतील सरासरी एका तक्त्यात मांडली जाते. ही जागांची यादी जपून ठेवता येते. कोणी शंका घेतली तर तीच जागा पुन्हा मोजून दाखविता येते. डोळ्याच्या अंदाजाला ही सोय नाही.

सरासरीबरोबर प्रमाण विचलनाचा आकडाही मागून घ्यावा. तो मोठा आला तर आखलेल्या जागेत शीर, ठिपका किंवा सावली शिरली आहे असे समजून जागा पुन्हा आखावी.

आता तीन आकड्यांवरून एक अंक काढावयाचा. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाच्या कार्चर व रिचर्डसन यांनी २००३ मध्ये हिरवळीच्या मैदानांसाठी गर्द हिरवेपणाचा एक निर्देशांक सुचविला. पुढे तो मक्यासारख्या पिकांसही लावून पाहण्यात आला. त्यासाठी रंगछटा, रंगघनता व तेजस्विता या तीन गोष्टी काढाव्या लागतात. पानात हिरवा आकडा सर्वांत मोठा असतो असे धरून रीत अशी. निळ्यातून तांबडा वजा करावा, त्यास सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यांतील फरकाने भागावे, त्यात २ मिळवावे व ६० ने गुणावे. ही रंगछटा अंशांत आली. तोच फरक सर्वांत मोठ्या आकड्याने भागला की रंगघनता. सर्वांत मोठा आकडा २५५ ने भागला की तेजस्विता. मग रंगछटेतून ६० वजा करून ६० ने भागावे, त्यात १ वजा रंगघनता आणि १ वजा तेजस्विता मिळवावी, व बेरजेस ३ ने भागावे. येणारा अंक जितका मोठा तितके पान अधिक गर्द. ही आकडेमोड संगणकाच्या तक्त्यात एकदा घालून ठेवली की पुन्हा करावी लागत नाही. प्रणालीतील छटेचा थर वापरून छटा सरळ वाचू नये. तेथे ती ३६० अंशांऐवजी ० ते २५५ या मापात दिलेली असते आणि वरील रीत तिला लागू पडत नाही.

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. पान वरीलप्रमाणे ९२, १२८, ५८. रंगछटा सुमारे ९१ अंश, रंगघनता ०.५५, तेजस्विता ०.५० व निर्देशांक ०.४९ येतो. आता त्याच छायाचित्रातील राखाडी तुकडा पाहू. राखाडी म्हटल्यावर तिन्ही आकडे सारखे हवेत. योग्य प्रकाशात ते १८० येतात असे आपण हंगामाच्या सुरुवातीस पाहून ठेवले आहे. पण या छायाचित्रात ते १९०, १८२ व १६० आले. म्हणजे प्रकाशातच तांबडा अधिक व निळा कमी आहे. ऊन पिवळे आहे. तेव्हा पानाचा तांबडा आकडा १८० ने गुणून १९० ने भागावा, हिरवा १८२ ने व निळा १६० ने भागावा. पानाचे दुरुस्त आकडे सुमारे ८७, १२७ व ६५ होतात. छटा सुमारे ९९ अंशांवर जाते आणि निर्देशांक ०.५५ येतो. पान तेच, पीक तेच, ०.४९ व ०.५५ यांतील अंतर केवळ उन्हाचे.

हे अंतर किती मोठे आहे ते पट्टीवरून कळते. समजा, अशाच दुरुस्तीनंतर पट्टीवरील तिसऱ्या छटेचा निर्देशांक ०.४५ व चौथीचा ०.५४ आला. तर ०.५५ चे पान चौथ्या छटेच्या किंचित वर आहे. उलट ०.४९ हा अंक तसाच धरला असता तर ते तीन व चार यांच्या मध्ये, साडेतीनच्याही खाली उतरले असते आणि आपण खत द्यावयास सांगून मोकळे झालो असतो. फोन प्रकाशाचा आकडा सरळ प्रमाणात लिहीत नाही, तो वक्र प्रमाणात लिहितो. त्यामुळे ही भागाकाराची दुरुस्ती काटेकोर नव्हे, कामचलाऊ आहे. प्रकाश फारच वेगळा असेल तर ती पुरी पडत नाही. म्हणूनच पट्टी त्याच चौकटीत हवी. पट्टीवर व पानावर एकच ऊन पडलेले असते, फोनने केलेली रंगरंगोटीही दोघांना बहुतांशी सारखीच लागते, आणि पानाची तुलना पट्टीशी केली की बरेचसे दोष आपोआप गळतात. पट्टी स्वतः मात्र उन्हात फिकी पडू देऊ नये. वापर झाल्यावर ती पिशवीत, अंधारात ठेवावी.

आकड्यावरून निर्णय

आवणीच्या सुधारित भातास सहा छटांच्या पट्टीवर सामान्यतः चौथी छटा ही निर्णायक मानतात. दहापैकी सहा किंवा अधिक पाने तिच्याखाली असतील तर नत्राचा हप्ता देण्याची वेळ झाली असे समजावे. सरासरीवर विसंबू नये. दोन-तीन फार गर्द पाने उरलेल्यांची उपासमार झाकू शकतात. काही जातींचे पान मुळातच फिके असते, त्यांना चौथी छटा गाठावयास लावणे म्हणजे खत वाया घालविणे होय. म्हणून आपल्या जातीसाठी कोणती छटा धरावी हे कृषी विज्ञान केंद्रात किंवा कर्जत येथील भात संशोधन केंद्रात विचारून घ्यावे. याहून खात्रीचा उपाय म्हणजे खाचराच्या एका कोपऱ्यात अर्धा गुंठा जागेस भरपूर नत्र देऊन ठेवणे व उरलेल्या पिकाची तुलना त्या तुकड्याशी करणे. तेथे माजलेल्या चार चुडांची हानी सोसण्यासारखी आहे.

एका वेळी हेक्टरी २५ किलो नत्र द्यावयाचे ठरले तर युरियात ४६ टक्के नत्र असल्यामुळे सुमारे ५४ किलो युरिया लागतो, म्हणजे गुंठ्यास अर्धा किलोहून थोडा अधिक. दहा गुंठ्यांच्या खाचरास साडेपाच किलो पुरेसा आहे. आमच्या भागात लहान खाचरास अर्धी गोणी ओतण्याची जी सवय आहे तिच्याशी हा हिशेब ताडून पाहावा. खत देण्यापूर्वी खाचरातील पाणी कमी करावे व मोठ्या पावसाच्या तोंडावर खत देऊ नये. नाहीतर ते बांधावरून ओढ्यात व तेथून उल्हास किंवा काळू नदीस जाईल. ज्यांनी चारसूत्री पद्धतीने आवणी करून चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एकेक गोळी खोचली आहे, त्यांचे नत्र मुळाशी सावकाश सुटत असते. त्यांनी छायाचित्राच्या एका आकड्यावरून वरून खत टाकू नये.

रंग फिका असूनही नत्र कमी नसते, असे कित्येकदा घडते. जस्ताची कमतरता, पाण्याखाली गुदमरलेली मुळे, तुडतुडे, खोडकिडा, कडा करपा, यांपैकी कशानेही पान पिवळे पडते आणि संगणकास त्यातील फरक कळत नाही. कडा करपा झालेल्या भातास युरिया दिला तर रोग बळावतो. आकडा खाली आला की चूड उपटून मुळे पाहावीत, पानाची पाठ पाहावी, शेजारचे खाचर पाहावे, आणि मगच गोणीकडे जावे.

याच रीतीचे इतर उपयोगही आहेत. पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या पानातील ठिपक्यांचे पिक्सेल व संपूर्ण पानाचे पिक्सेल वेगवेगळे मोजले की रोगाने पानाचा किती टक्के भाग व्यापला ते कळते. फवारणीपूर्वी व नंतर असे मोजल्यास औषधाचा गुण आला की नाही हे वादावाचून ठरते. भाजीपाल्याच्या शेतात भेंडीवरील केवड्याचा प्रसारही असा नोंदता येईल, मात्र केवड्याची झाडे मोजण्यापेक्षा उपटणे अधिक उपयोगाचे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिल्या हंगामात एकाच गावातील चार-पाच खाचरे घ्यावीत. प्रत्येक छायाचित्रामागे तारीख, वेळ, आभाळ, जात, आवणीचा दिवस व आधी दिलेले खत यांची वहीत नोंद करावी. डोळ्यांनी पट्टीवर वाचलेला अंक आधी लिहावा व संगणकाचा अंक नंतर, म्हणजे एकाचा दुसऱ्यावर परिणाम होणार नाही. दोहोंत अर्ध्या छटेहून अधिक तफावत आल्यास खत देण्याचा सल्ला त्या दिवशी देऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन पाने घेऊन पुन्हा मोजावे.